बडोद्याच्या कचेरीतला ग्रीक पंडित

इंदूरहून उज्जैन जेमतेम ५५ किलोमीटर. इथल्या मराठी घरात पाहुणा आला की एक दिवस महाकालाच्या दर्शनासाठी राखून ठेवलेला असतोच. नोकरीच्या निमित्ताने मी गोव्याहून इकडे आलो तेव्हापासून आमच्याकडेही हाच रिवाज. पण या उज्जैनबद्दल जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका परक्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, हे पाहुण्यांना सांगितलं की ते चमकतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणारा हा ग्रीक भाषिक व्यापारी. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक पुस्तिका लिहिली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात उज्जैनचं नाव 'ओझेने' असं येतं. ही पूर्वीची राजधानी, आणि इथून अकीक, मलमल, जाडंभरडं कापड खाली 'बरिगाझा'ला, म्हणजे भडोचला उतरतं, असं तो सांगतो. पुढे कल्याण येतं, चौल येतं, पैठण आणि तेरही येतं. पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आहे हासुद्धा तपशील आहे. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची ग्रीक अक्षरं कोरलेली जुनी नाणी अजून चालतात, असंही तो नोंदवतो. हा मिनँडर म्हणजेच पाली ग्रंथातला आपला मिलिंद राजा!

थोडक्यात काय, आपल्या इतिहासाची काही पानं ग्रीकमध्ये लिहिलेली आहेत. मग प्रश्न असा पडतो, की ती पानं मूळ भाषेतून वाचू शकणारी माणसं आपल्याकडे किती झाली? आणि जी झाली, त्यांच्या त्या विद्येचं पुढे काय झालं? या दुसऱ्या प्रश्नाचं एक विलक्षण उत्तर मराठी राज्यकर्त्यांच्या एका शहरात, एका सरकारी कचेरीत सापडतं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आम्हा गोंयकारांना लॅटिन अगदीच परकी नाही. राशोलच्या सेमिनरीत पिढ्यान् पिढ्या लॅटिन शिकवली गेली, पणजीच्या लिसेवमध्येही ती होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं नाव तर मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेलं असतं. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथल्या भाषा शिकून १६१६ मध्ये त्याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' छापलं. त्याची दुसरी एक गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या नात्याची गोष्ट जाहीरपणे मांडली ती १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात बसून एका माणसाच्या ते ध्यानात आलं होतं. पण ते पत्र छापून लोकांसमोर आलं १९५७ मध्ये. तोवर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. चांगली विद्या नुसती असून भागत नाही, ती पुढच्या हातात पडावी लागते, याचा हा पहिला दाखला.

ब्रिटिश हिंदुस्थानात परिस्थिती निराळी. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात संस्कृत आणि फारसीबरोबर लॅटिनही होती. पण 'अभिजात भाषा' म्हटलं की आपल्या मुलांनी साहजिकच संस्कृत घ्यायची. ग्रीक-लॅटिनची खरी गरज पडायची ती विलायतेला जाणाऱ्यांना. गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितलंय, की लंडन मॅट्रिकला ते पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास झाले. नेट लावून अभ्यास केला, दुसऱ्या खेपेला पास झाले, आणि ती लॅटिन पुढे रोमन कायदा वाचताना उपयोगी पडली. ही झाली कामापुरती लॅटिन. त्याच काळात त्याच लंडनमध्ये एक बंगाली मुलगा होता, ज्याचं सगळं शिक्षण म्हणजेच ग्रीक आणि लॅटिन होतं. त्याचं नाव अरविंद घोष.

योगी अरविंद म्हणून आपण त्यांना ओळखतो. वंदे मातरम्, अलीपूरचा खटला, पाँडिचेरीचा आश्रम हे सगळं डोळ्यांसमोर येतं. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला ग्रीकचा पंडित बाजूलाच राहतो. अरविंदबाबूंचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. वडील डॉ. कृष्णधन घोष हे सिव्हिल सर्जन आणि विलायती राहणीचे भक्त. मुलांना हिंदुस्थानचा वारासुद्धा लागू नये म्हणून त्यांनी १८७९ मध्ये तिन्ही मुलं इंग्लंडला नेऊन ठेवली. अरविंद तेव्हा ७ वर्षांचे. मँचेस्टरला ड्रूएट नावाच्या पाद्र्याच्या घरी ते राहिले. हा पाद्री स्वतः लॅटिनचा उत्तम जाणकार, त्याने लॅटिनचा पाया पक्का केला. १८८४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत गेल्यावर मुख्याध्यापक वॉकर यांनी मुलाची चमक ओळखली, ग्रीक स्वतः शिकवली आणि त्याला भराभर वरच्या वर्गात चढवलं.

त्या काळचं हे शिक्षण म्हणजे काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. नुसतं वाचून अर्थ सांगणं नव्हे. समोर इंग्रजी कविता ठेवायची आणि मुलाने तिचं ग्रीक किंवा लॅटिन वृत्तात रूपांतर करायचं. आपल्याकडचे जुने शास्त्री विद्यार्थ्याला समस्यापूर्ती करायला लावत, त्यातलाच प्रकार. असं दहा वर्षं केल्यावर ती भाषा डोक्यात नाही, कानात बसते. आणि हे सगळं पोटाला चिमटा घेऊन. वडिलांकडून पैसे वेळेवर येत नसत. एका लिबरल क्लबच्या वरच्या खोलीत भाऊ राहायचे, पाव-लोणी, चहा आणि एका पेनीचं सॉसेज हा दिवसाचा आहार. १८९० मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची अभिजात साहित्याची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. तिथले ऑस्कर ब्राउनिंग यांनी त्यांना सांगितलं, की तेरा परीक्षांत अशा उत्तरपत्रिका आपण पाहिल्या नाहीत. त्याच वर्षी आयसीएसची स्पर्धा परीक्षा झाली. तीत अकरावा क्रमांक, आणि ग्रीकमध्ये सगळ्यांत पहिले. ग्रीकमध्ये दुसरा आला होता बीचक्रॉफ्ट नावाचा एक इंग्रज मुलगा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

१८९२ मध्ये त्यांनी अभिजात साहित्याच्या ट्रायपॉस परीक्षेचा पहिला भाग पहिल्या वर्गात पार केला. पण पदवी मिळाली नाही, कारण ती परीक्षा दुसऱ्याच वर्षी दिलेली आणि पदवीला तीन वर्षं भरावी लागत. आयसीएसचंही तसंच झालं. सगळं पार पडलं आणि घोडेस्वारीच्या परीक्षेला ते गेलेच नाहीत. म्हणजे केंब्रिजचा अव्वल ग्रीक पंडित, पण हातात बी.ए.चा कागद नाही आणि सनदी नोकरीही नाही! नेमके त्याच वेळी बडोद्याचे सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. जेम्स कॉटन नावाच्या स्नेह्याने गाठ घालून दिली आणि दरमहा २०० रुपयांवर नेमणूक ठरली. आयसीएसच्या तोडीचा माणूस दोनशेत मिळाला म्हणून महाराज खूश होते म्हणतात. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंदबाबू मुंबईला उतरले आणि बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले.

आणि त्यांना पहिलं काम कुठलं मिळालं? सर्व्हे सेटलमेंट खातं! म्हणजे जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी. नंतर स्टँप, महसूल, मग दिवाण कचेरीत खलिते आणि टिपणं लिहिणं, महाराजांच्या भाषणांचे मसुदे करणं. माझी स्वतःची उमेदीची वर्षं फायली, जावक क्रमांक आणि स्मरणपत्रं यांत गेली, म्हणून हा भाग वाचताना मी जरा जास्तच रेंगाळतो. सरकारी माणसाचं सेवापुस्तक उघडा. त्यात जन्मतारीख असते, अर्हता असते, वेतनश्रेणी असते. होमर तोंडपाठ असल्याचा रकाना नसतो. तेव्हाही नव्हता. साऱ्याच्या दराचा तक्ता तपासणाऱ्या या तरुणाच्या कानात सॉफोक्लिसचे संवाद वाजतात, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. यात कोणाचा दोष नाही. सयाजीराव तर गुणांची पारख असलेले राजे. पण राज्याच्या गरजेच्या यादीतच ग्रीक नव्हती. १८९७ च्या सुमारास ते बडोदा कॉलेजात शिकवायला लागले, तेही आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी. पुढे तिथेच ते उपप्राचार्य झाले. कन्हैयालाल मुन्शी हे त्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकले. ग्रीक मात्र वर्गात आली नाही, कारण ती घेणारा विद्यार्थीच नव्हता.

मग ती विद्या जिवंत राहिली कशी? रात्रीच्या वाचनावर. १८९८ मध्ये दिनेंद्रकुमार रॉय नावाचे बंगाली लेखक त्यांना बंगाली शिकवायला बडोद्यात येऊन राहिले. त्यांच्या आठवणींत हे चित्र येतं. मुंबईच्या थॅकर आणि राधाबाई आत्माराम सगूण या पुस्तकविक्रेत्यांकडून रेल्वे पार्सलाने खोकी भरभरून पुस्तकं यायची आणि अरविंदबाबू तेलाच्या दिव्याशी मध्यरात्र उलटेपर्यंत वाचत बसायचे, डास चावताहेत याची शुद्ध नसायची. राधाबाई आत्माराम सगूण म्हणजे आपली काळबादेवीची मराठी पेढी, हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला. भोवतीचा गोतावळाही मराठीच. खासेराव जाधव आणि त्यांचे बंधू माधवराव हे घरचे स्नेही. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे तेव्हा मुंबईच्या 'इंदुप्रकाश'शी संबंधित होते. त्यांच्याच आग्रहावरून अरविंदबाबूंनी १८९३-९४ मध्ये काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर अशी जळजळीत लेखमाला लिहिली, की न्यायमूर्ती रानड्यांना मालकांना सबुरीचा सल्ला द्यावा लागला. बंगाली, संस्कृत, मराठी, गुजराती या भाषा ते बडोद्यातच शिकले. मायदेशाच्या भाषा परक्यासारख्या शिकायच्या आणि ग्रीक मात्र घरची, अशी ही उलटी तऱ्हा.

या मराठी वातावरणात त्यांच्या ग्रीकला कसं फळ आलं ते पाहा. १९१० मध्ये त्यांच्या 'कर्मयोगिन्' साप्ताहिकात त्यांचीच एक दीर्घ इंग्रजी कविता छापून आली. तिचा नायक बाजीप्रभू देशपांडे! १३ जुलै १६६० ची घोडखिंड आपल्याला तोंडपाठ आहे. शिवाजीमहाराज विशाळगडाकडे निघालेले, मूठभर मावळे खिंड अडवून उभे, तोफांचे आवाज होईपर्यंत बाजी पडायला तयार नाही. आता ग्रीक वाचलेल्या माणसाला ही कथा ऐकताना काय आठवेल? इसवी सनापूर्वी ४८० सालची थर्मोपिलीची खिंड. तिथे स्पार्टाचा राजा लिओनिदास असाच थोड्या लोकांनिशी इराणच्या अफाट फौजेपुढे उभा राहिला आणि हिरोडोटसने ते लिहून ठेवलं. दोन्हीकडे अरुंद वाट, दोन्हीकडे वेळ विकत घ्यायची आणि किंमत जिवाने चुकवायची. आपल्याकडे बाजीप्रभूंवर पोवाडे झाले, कविता झाल्या. पण त्या खिंडीकडे युरोपातल्या वीरकाव्याच्या इतमामाने बघणारा कवी बंगाली निघाला, आणि त्याला ते बडोद्याच्या मुक्कामाने सुचलं असावं असं मला वाटतं. कचेरीत ज्याला जागा नव्हती ते ग्रीक इथे असं आडवाटेने मराठी मातीत उतरलं.

१९०६ मध्ये ते बडोदा सोडून कलकत्त्याला गेले, नव्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले, पगार कितीतरी कमी. पुढचं राजकारण सर्वांना ठाऊक आहे. मे १९०८ मध्ये अटक, अलीपूरचा तुरुंग आणि वर्षभराचा खटला. बचावाला चित्तरंजन दास उभे राहिले. आणि न्यायासनावर कोण? तोच बीचक्रॉफ्ट! आयसीएसच्या ग्रीक परीक्षेत ज्याला दुसरा नंबर मिळाला होता तो न्यायाधीश, आणि पहिला आलेला आरोपीच्या पिंजऱ्यात. एखाद्या नाटककाराने असा प्रसंग लिहिला तर आपण त्याला 'फारच जुळवून आणलंय' म्हणू. बीचक्रॉफ्टने ६ मे १९०९ रोजी पुराव्याअभावी त्यांना सोडून दिलं.

याच काळात त्यांच्या सगळ्यांत मोठ्या ग्रीक कामाला सुरुवात झाली. 'इलियन' हे ते महाकाव्य. विषय ट्रॉयच्या पडझडीचा शेवटचा दिवस. पहाटे अकिलिसचा दूत तहाचा निरोप घेऊन नगरात येतो, ट्रॉयचे लोक अभिमानाने तो नाकारतात आणि ॲमेझॉनांची राणी पेंथेसिलिया त्यांच्या बाजूने लढायला उभी राहते. काव्य इंग्रजीत, पण वृत्त होमरचं, हेक्झामीटर. हे वृत्त आपल्याला समजायला इंग्रजांपेक्षा सोपं आहे. शाळेत 'यमाताराजभानसलगा' म्हटलेल्या कोणालाही ते कळेल. एका ओळीत सहा गण. प्रत्येक गण एक तर आपला भगण, म्हणजे गुरू-लघू-लघू, नाही तर दोन गुरू. पाचव्या जागी बहुधा भगणच, आणि शेवटचा गण दोन अक्षरांचा. सात भगण आणि शेवटी एक गुरू असं आपलं मदिरा वृत्त आहे, त्याच्या चालीची थोडी कल्पना केली तर जवळ जाता येतं. अडचण अशी, की इंग्रजी कविता लघु-गुरूवर चालत नाही, आघातावर चालते. म्हणून इंग्रज कवी हेक्झामीटरच्या वाटेला जाऊन पुन्हा पुन्हा अडखळले. अरविंदबाबूंनी आघात आणि उच्चाराची लांबी यांची सांगड घालणारी आपली रीत बसवली आणि त्यावर स्वतंत्र निबंधही लिहिला. मला वाटतं, एका कानात होमर आणि दुसऱ्या कानात वाल्मीकी असलेल्या माणसालाच हे धाडस सुचावं. काव्य पुरं मात्र झालं नाही. आठ सर्ग पूर्ण आणि नववा अर्धवट. सुरुवातीचा काही भाग १९४२ मध्ये छापला गेला, आणि सगळं काव्य लोकांपुढे आलं १९५७ मध्ये, ते गेल्यावर सात वर्षांनी. योगायोग असा, की स्टीफन्सचं पत्र प्रसिद्ध झालं तेही १९५७ सालीच.

एप्रिल १९१० मध्ये ते पाँडिचेरीला पोचले. ज्या माणसाला आयुष्यात कधी ग्रीकचा वर्ग मिळाला नव्हता, त्याला तो मिळाला इथे, पैशाची चणचण असलेल्या एका भाड्याच्या घरात. विद्यार्थी कोण? बरोबर राहणारे क्रांतिकारक तरुण. बाँबच्या खटल्यातून सुटलेले नलिनीकांत गुप्त त्यांतले एक. नलिनीबाबूंनी आठवणींत या शिकवण्याची रीत सांगितली आहे. व्याकरणाचं पुस्तक नाही, 'हा राजा आहे, ती राणी आहे' छाप धडे नाहीत. ग्रीकची सुरुवात थेट युरिपिडिसच्या 'मिडिया' नाटकाने आणि पुढचं पुस्तक सॉफोक्लिसचं 'अँटिगॉन'. लॅटिनचा श्रीगणेशा व्हर्जिलच्या 'एनिड' महाकाव्याने. शब्दाशब्दाचा अर्थ सांगत, रूपं उलगडत पुढे जायचं. ऐकायला हे अघोरी वाटतं, पण आपल्याकडे रघुवंशाचा पहिला सर्ग लावून संस्कृत शिकवणारे शास्त्री हेच करत होते. भाषा शिकण्याचं कारण जे साहित्य, ते शेवटच्या वर्षापर्यंत राखून ठेवायचंच कशाला?

आणि मग या एकाकी ग्रीक पंडिताला एक संवादी भेटला, तो पुन्हा मराठी मुलखातूनच. जमखंडीचे रामचंद्र दत्तात्रेय रानडे, म्हणजेच पुढचे निंबाळचे गुरुदेव रानडे. ते तेव्हा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि ग्रीक तत्त्वज्ञांचा अभ्यास करत होते. त्यांनी हेराक्लायटसवर इंग्रजीत एक छोटा निबंध लिहिला. हेराक्लायटस म्हणजे 'सगळं सतत वाहतं आहे' हे सांगणारा आणि अग्नीला विश्वाचं मूळ मानणारा ग्रीक तत्त्वज्ञ. तो निबंध पाँडिचेरीत पोचला आणि अरविंदबाबूंनी 'आर्य' मासिकात १९१६-१७ मध्ये त्यावर लेखमालाच लिहिली. निबंधाचं मनापासून स्वागत केलं, पण हेराक्लायटसमध्ये गूढवादाचा अंश किती, या मुद्द्यावर ते आपल्या वाटेने गेले. त्याच्या अग्नीशेजारी त्यांनी वेदांतला अग्नी आणून उभा केला. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं, आणि इकडे दोन हिंदी माणसं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीकाच्या तुटक वचनांवर, कोणत्याही इंग्रज गुरूची परवानगी न घेता, बरोबरीने बोलताहेत! गंमत अशी, की याच रानड्यांनी पुढे १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढवादावर मोठा ग्रंथ लिहिला.

हा संवाद पुढे का वाढला नाही? याचं उत्तर शोधायला त्याच फर्ग्युसन कॉलेजातल्या दुसऱ्या वर्गात डोकवावं लागेल. तिथे त्याच वर्षांत आमच्या गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकवत होते. बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडलेला हा माणूस पुण्याहून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत काशीला पोचला, आणि पुढे नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेश पालथे घालून पालीचा पंडित झाला. १९०८ मध्ये त्यांनाही आश्रय दिला तो सयाजीरावांनीच. दरमहा ५० रुपये, आणि अट काय? महाराष्ट्रात राहायचं आणि पुस्तकं लिहायची. अरविंदबाबूंना २०० रुपये मिळाले ते मोजणीच्या तक्त्यांसाठी, कोसंबींना ५० मिळाले ते पालीसाठी. फरक आकड्यात नाही, कशासाठी दिले यात आहे. रामकृष्णपंत भांडारकरांचं वजन मागे उभं राहिलं, मुंबई विद्यापीठात पाली हा विषय आला आणि कोसंबी १९१२ ते १९१८ फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांच्यासारखे पंडित झाले. फर्ग्युसनच्याच पिढीतले चिं. वि. जोशी, आपल्या सर्वांच्या चिमणरावांचे जनक, पुढे बडोदा कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. ज्या कॉलेजात ग्रीकच्या पंडिताला कधी ग्रीक शिकवता आली नाही, तिथे पाली मात्र रीतसर वर्गात बसली.

म्हणजे विद्वत्ता दोघांकडेही होती. पण विद्येची परंपरा व्हायला आणखी तीन गोष्टी लागतात, शिकवण्याची जागा, अभ्यासक्रमातला कागद आणि आपल्या भाषेतलं पुस्तक. कोसंबींनी बुद्धाचं चरित्र आणि शिकवण सोप्या मराठीत लिहिली, म्हणून पाली न येणाऱ्यालाही ती वाट दिसली. अरविंदबाबूंची ग्रीक इंग्रजीत फुलली आणि पाँडिचेरीच्या एका खोलीत मोजक्या तरुणांपर्यंत पोचली. त्यापलीकडे तिला वारस मिळाले नाहीत.

ती वाया गेली का? मला तसं म्हणवत नाही. बाजीप्रभूंवरची कविता, 'इलियन', हेराक्लायटसवरचे लेख, वेदांतल्या शब्दांचा मागोवा घेताना ग्रीक-लॅटिन धातूंशी त्यांनी घातलेला मेळ, हे सगळं त्या विद्येचंच देणं आहे. रकाना नव्हता म्हणून ती मेली नाही, आडवाटेने वाहत राहिली. पण आडवाटेने वाहणारं पाणी शेताला पुरत नाही, हेही खरंच. मराठीत ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये आणलं (पुन्हा तेच साल!), आणि पु. लं.नी १९७९ मध्ये सॉफोक्लिसचा राजा ओयदिपौस मराठीत बोलता केला. दोन्ही मोलाची कामं, पण वाट इंग्रजीवरूनच गेलेली. आणि ओझेने, पैठण, तेर, कल्याण यांची नावं असलेली ती व्यापाऱ्याची पुस्तिकासुद्धा आपण बहुतेक जण अजून इंग्रजी भाषांतरातूनच वाचतो.

असो. ही वाट काही कायमची बंद नाही. आज ग्रीकचे मूळ ग्रंथ, कोश, व्याकरणं संगणकावर फुकट उघडतात, राधाबाई आत्माराम सगूणांच्या पार्सलाची वाट बघावी लागत नाही. ज्याला संस्कृतची विभक्ती आणि रूपं येतात त्याचं ग्रीकचं अर्धं ओझं आधीच उतरलेलं असतं, हे तर स्टीफन्सनेच सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपल्यापैकी कोणाच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जिला संस्कृतात गोडी आहे आणि 'याचा पुढे उपयोग काय' म्हणून जिला चार जण अडवताहेत, तर तिला हे सारं जरूर सांगा. उज्जैनच्या अकिकाची ग्रीकमधली ती नोंद मूळ भाषेतून वाचून मराठीत आणण्याचं काम कोणीतरी करायलाच हवं आहे.